सतरंजी कोण उचलणार?

निवडणुका जवळ आल्या की एक वाक्य हमखास कानावर पडतं. तिकीट कापलं गेलेला कुणीतरी कॅमेऱ्यासमोर दाटल्या गळ्यानं म्हणतो, "आम्ही काय आयुष्यभर सतरंज्याच उचलायच्या?" पक्ष कुठलाही असो, वाक्य तेच. आपल्याकडच्या राजकारणात सतरंजी उचलणं म्हणजे अपमानाचं शेवटचं टोक. मला मात्र ते ऐकलं की माझी आत्या आठवते. तिनं खरोखरच आयुष्यभर सतरंज्या घातल्या आणि उचलल्या. तिला कुणी तिकीट देऊ केलं असतं तर तिचा पहिला प्रश्न असता, "मग सतरंजी कोण उचलणार?"

लालबागच्या आमच्या चाळीत जिन्याखाली एक लाकडी पेटी आहे. त्यात चाळीची सतरंजी असते. कधीकाळी निळे-पांढरे पट्टे होते, आता दोन्ही मिळून एकच राखाडी झालाय. एका कोपऱ्यात विडीनं पडलेलं भोक, दुसऱ्यात आजीनं लावलेलं खाकी ठिगळ, बाबांच्या जुन्या पँटचं. हिच्यावर सत्यनारायण झाले, बाराव्या-तेराव्याची माणसं जेवली, गणपतीत पत्त्यांचे डाव रंगले आणि सभा झाल्या. ती एवढी मोठी आहे की एकट्यानं घडी घालता येत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, झटकायची, एकमेकांकडं चालत यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागं जायचं. आत्याचा यात एक नियम आहे. घालणारा घालेल, पण उचलायची ती बसलेल्यांनी. सभा संपली की ती दाराशी उभी राहायची आणि चपला शोधणाऱ्यांतल्या दोघांना परत बोलवायची. मग तो पुढारी असो की पाहुणा. लहानपणी मला त्याची भारी लाज वाटायची.

हे सगळं वर आलं ते एका सातवीतल्या मुलीमुळं. महाराष्ट्र दिनाला एका वाचनालयानं मला कामगार चळवळीवर बोलायला बोलावलं होतं. मी नावं सांगितली, साल सांगितले, संपांची यादी सांगितली. शेवटी ती मुलगी उभी राहिली. "पण ते सगळ्यांना कळवायचे कसे? तेव्हा फोन तर नव्हते." मी काहीतरी पत्रकं, काहीतरी सभा असं पुटपुटले. लोक हसले, टाळ्या झाल्या, चहा आला. घरी येताना लोकलमध्ये माझ्या लक्षात आलं की अख्ख्या तासात विचारण्यासारखा प्रश्न तेवढा एकच निघाला होता आणि त्याचं उत्तर आमच्या घरात होतं. मी ते सांगितलंच नव्हतं.

रविवारची सुट्टी कुणी मिळवून दिली, हे आता बऱ्याच लोकांना माहीत असतं. नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातला माणूस, 'दीनबंधु'चा संपादक. सप्टेंबर १८८४मध्ये परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, अपघात झाला तर भरपाई, अशा मागण्यांचा अर्ज तयार झाला आणि त्याखाली साडेपाच हजार कामगारांच्या सह्या पडल्या.

साडेपाच हजार सह्या हा आकडा आपण सहज वाचून पुढं जातो. मी चाळीच्या पाण्याच्या तक्रारीसाठी एकदा चौसष्ट सह्या गोळा केल्या होत्या. तीन आठवडे लागले. एकाला अर्ज वाचून दाखवा, दुसऱ्याची बायको म्हणते हे घरी नाहीत, तिसरा म्हणतो आधी शेजारच्याची घ्या, मग माझी. चौथा सही करतो आणि रात्री येऊन म्हणतो, खोडता येईल का? आणि मी चौसष्ट शिकलेल्या माणसांकडं गेले होते, पंखा लावून बसलेल्या. लोखंड्यांचे लोक उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, उभे राहणारे. वाचता येणारे थोडे, सही करता येणारे त्याहून थोडे. अशा प्रत्येकाला कुणीतरी गाठून समजावलं असणार की बाबा, हा कागद म्हणजे सावकाराची चिठ्ठी नाही, तुझं शेत जाणार नाही.

लोखंड्यांच्या संघटनेबद्दल १८९२च्या सरकारी कारखाना अहवालात एक शेरा आहे. या संघटनेला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. कुणी गिरणी कामगार आलाच तर लोखंडे त्याला फुकट सल्ला देतात, एवढंच. साहेबानं हे कमी लेखायला लिहिलंय, आणि ट्रेड युनियनच्या व्याख्येत बसवायचं तर त्याचं चुकलंही नाही. पण त्याच्या दोनच वर्षं आधी, २४ एप्रिल १८९०ला, याच बिननियमांच्या संघटनेच्या हाकेला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले होते. दोन कामगार बायका उठून बोलल्या होत्या, कर्णा नसताना. १० जूनला मालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. 'कुणी आलाच तर सल्ला देतात' या वाक्यात काय काय मावतं, ते साहेबाला दिसलं नसावं. विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं न्हाव्यांकडून वदवून घेणारेही हेच लोखंडे. पगाराचं दुखणं आणि माणूस म्हणून जगण्याचं दुखणं, त्यांच्याकडं येणारी माणसं दोन वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून आणत नव्हती.

आता आमच्या घरातलं उत्तर.

आजी खाणावळ चालवायची. दहा बाय बाराच्या खोलीत, पोटमाळ्यासकट. गिरणगावात अशा खाणावळी घरोघर होत्या. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले पुरुष गाळ्यात पंचवीस-तीस मिळून राहायचे, वळकटी ठेवण्यापुरती जागा प्रत्येकाला, आणि जेवायला अशा एखाद्या बाईकडं. आजीकडं अठरा मेंबर होते. पाट सहा. म्हणजे तीन पंगती, आणि त्याही पाळ्या सुटायच्या वेळेप्रमाणं. पहिल्या पाळीचे तीन-साडेतीनला यायचे, केसांत आणि भुवयांवर कापसाची भुरी घेऊन. रातपाळीचे सकाळी, डोळे तांबारलेले. बारा तासांत आमच्या खोलीतून सहा-सात गिरण्यांची आणि तिन्ही पाळ्यांची माणसं जाऊन यायची. कुठल्या खात्यात मुकादमानं कुणाला बदलीवर ठेवलं, कुणाचा खाडा मांडला, कुठं साचे वाढवून माणूस तेवढाच ठेवला, हे भाकरीबरोबर ताटात पडायचं. दुपारी ऐकलेलं आजी रात्रीच्या पंगतीला वाढायची. "अमक्या गिरणीतले उद्या गेटवर थांबणार म्हणे" एवढं ती आमटी वाढताना बोलली की सकाळपर्यंत ते लालबागपासून डिलाईल रोडपर्यंत पोचलेलं असायचं. कळवायचे कसे? असे कळवायचे.

आजीला लिहिता येत नव्हतं. हिशेब दाराच्या आतल्या बाजूला कोळशानं मांडलेला असायचा. प्रत्येक मेंबरची एक खूण. सुकट न खाणाऱ्याचा मासा आणि त्यावर फुली. तोतऱ्याला दोन टिंबं. टोपीवाल्याला टोपी. खुणेपुढं उभ्या रेघा, पाच झाल्या की आडवी. संप लागला की रेघा वाढत जायच्या, दाराची फळी पुरायची नाही, आणि आजी वाण्याच्या दुकानापुढून जाताना पदर तोंडावर ओढून घ्यायची. संपात कामगार लढतो असं पुस्तकात असतं. आमच्या दारावर बघितलं तर संप आजीच्या उधारीवर चालायचा, आजी वाण्याच्या, आणि वाणी कुणाच्या, देव जाणे.

ही गोष्ट एका बाईला पुरती दिसली. प्रेमाताई पुरव. मूळच्या गोव्याच्या, पोरवयात गोवामुक्तीच्या लढ्यात पायात गोळी घेतलेल्या, पुढं मुंबईत कम्युनिस्ट पक्षात आणि गिरणगावात काम केलेल्या. सत्तरीच्या दशकातल्या बेचाळीस दिवसांच्या संपात गिरणी कामगारांना उधारीवर जेवू घालून घालून खाणावळवाल्या कर्जात बुडाल्या, दागिने-भांडी गहाण पडली. संप मिटला, कामगारांचं जे व्हायचं ते झालं, पण मागण्यांच्या यादीत या बायकांचं नाव कुठंच नव्हतं. पुरव म्हणाल्या, याही कामगारच आहेत. त्यातून १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. बायकांचे गट करायचे, एकीनं दुसरीला जामीन राहायचं आणि सावकाराऐवजी सरकारी बँकेकडून कर्ज घ्यायचं. आजी त्यात नव्हती. ती म्हणायची, बँकेत गेलं की सही मागतात. पण शेजारची बाई गेली, अंगठा देऊन पैसे घेऊन आली, आणि त्या दिवसानंतर आजी तिला 'बँकवाली' म्हणायला लागली. चेष्टेनं सुरू झालं, पुढं त्यात मान आला.

१९८२च्या गिरणी संपावर एवढं लिहून झालंय की मी भर घालत नाही. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. १८ जानेवारीला अडीच लाख माणसं कामावरून थांबली आणि तो संप मागं घेतल्याचं रीतसर कुणी कधी जाहीर केलं नाही. बाबा कधी संपावरून परतलेच नाहीत, असं म्हटलं तरी चालेल. ते साचेखात्यात, म्हणजे विणकामाला होते, आत्या वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात. दोघांचीही कार्डं अजून कपाटात आहेत. पहिले तीन महिने गावाहून तांदूळ आला. संगमेश्वरच्या एसटीच्या टपावरून पोतं उतरवून घ्यायला मी जायचे. मग गावालाही पुरेना. आजीच्या दारावरच्या रेघा एक दिवस आत्यानं ओल्या फडक्यानं पुसल्या. आजी बघत बसली होती, बोलली नाही. मग म्हणाली, "टोपी राहू दे. तो देईल." टोपी राहिली. त्यानं दिले की नाही ते मला माहीत नाही, पण खोलीला रंग दिला तेव्हाही ती टोपी तेवढी सोडून दिला होता.

पाण्याचं सांगायचं राहिलं. म्हणजे महाडच्या.

चवदार तळं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं ओंजळ येते. २० मार्च १९२७, डॉ. आंबेडकर, ओंजळभर पाणी. ते चित्र येणारच आणि यावंच. पण तेव्हा महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेतली दुसरीच एक नोंद मला सुटत नाही. परिषदेला जमलेल्या लोकांना प्यायला चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. गावात तळं असताना, ते तळं सगळ्यांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा १९२४चा ठराव असताना, चाळीस रुपये. १९२७चे चाळीस रुपये म्हणजे गिरणीतल्या कित्येकांचा महिन्याचा पगार.

हे पाणी आणायचं, पुरवायचं, त्याचे पैसे आधी गावागावांतून गोळा करायचे, हे काम कुणीतरी केलं. परिषदेमागं खपणाऱ्यांत दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे होते, तेव्हा चोविशीतले. या मोऱ्यांची शाळेची गोष्ट अशी की महाडच्या इंग्रजी शाळेनं अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला, तेव्हा या अकरा-बारा वर्षांच्या पोरानं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. प्रवेश मिळाला, बसायला जागा मिळाली ती वर्गाबाहेर, खिडकीशी. अशा मुलाला पुढं चळवळ कशी उभी करायची हे कुणी शिकवावं लागलं नसेल. आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून आणायचं म्हणून ते बराच काळ मागं लागून होते. सोबत अनंतराव चित्रे, सुरबा टिपणीस, आणि कोलाबा (आताचा रायगड) आणि रत्नागिरीच्या गावागावांतले पेन्शनर शिपाई, सुभेदार. लष्करात राहिलेली माणसं. रांग लावणं, हजेरी घेणं, मुक्काम मांडणं त्यांच्या अंगात होतं. आधी ब्रिटिशांसाठी शिकलेलं, मग इथं वापरलेलं.

त्या दिवशी तळ्यावरून परतल्यावर गावगुंडांनी मांडवावर हल्ला केला. माणसं जेवत होती. अन्न मातीत गेलं. पुढं तळं 'शुद्ध' करण्यासाठी शेण-गोमूत्र-दूध-दह्याच्या एकशे आठ घागरी ओतल्या गेल्या. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली तेव्हा गावात कुणी हिंदू जागा देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमानानं दिली. व्यापारी माल देईनात, तर धान्यधुन्य बाहेरून आणून आधीच साठवावं लागलं. तळ्याच्या दाव्याचा निकाल हायकोर्टातून लागला तो १९३७च्या मार्चमध्ये. दहा वर्षं. ओंजळीला एक क्षण लागला. बाकी दहा वर्षांत साक्षीदार गोळा करणं, तारखांना हजर राहणं, गाडीभाड्याची सोय, हे कुणीतरी करत राहिलं. त्याचं चित्र काढायला चित्रकार येत नाही.

आणि इथं मला घरातलीच एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हा लेख आमच्या आजीच्या आरतीवर संपेल.

बाबांनी गिरणीतून आणलेला एक धोटा आमच्याकडं आहे, मागावर आडवं सूत इकडून तिकडं नेणारा. वीतभराहून लांब, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं, मधे कांडी बसवायची खाच आणि बाजूला बारीक भोक. जुन्या काळी कांडी बदलली की सुताचं टोक त्या भोकातून बाहेर काढायला धोट्याला तोंड लावून ओढून घ्यावं लागायचं. तोंडात सूत आणि त्याबरोबर कापसाची भुकटी. साचेखात्यात पगार जास्त, पण त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण एकाच धोट्याला सगळ्यांची तोंडं लागणार. बाटणार. मालकाला त्यात फारसा रस नव्हता, साच्यावरच्या कामगारांनाच ते नको होतं. १९२८ साली सहा महिने संप चालला, गिरण्यांच्या कमिट्या झाल्या, लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या, गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या वर्ष संपताना चोपन्न हजारांवर गेली. हिंदुस्थानात असं काही झालं नव्हतं. आणि त्याच वेळी आंबेडकर विचारत होते, साचेखात्याचं दार आमच्या माणसांना उघडा, ही मागणी तुमच्या यादीत का नाही? पुढाऱ्यांनी ती घेतली, पण नाखुशीनं.

मी बाबांना एकदा विचारलं होतं, तुमच्या वेळी साचेखात्यात कोण कोण होते? त्यांनी गावांची नावं सांगितली. आडनावं सांगितली. मी थेट विचारलं तेव्हा म्हणाले, "ते आमच्या खात्यात कमीच. ते त्रासन खात्यात." म्हणजे सूतकताईला. आवाजात ना राग, ना शरम. जशी गिरणीची वेळ सांगावी तसं. मग मी आत्याकडं गेले. म्हटलं, नायगावच्या बीडीडी चाळीतली दलित माणसं सभेला यायची ना आपल्याकडं? सगळे या एकाच सतरंजीवर बसायचे?

"एकाच," आत्या म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पाणी वेगळ्या तांब्यातनं द्यायची आई. त्यांना कळायचं. ते घरनं पिऊन यायचे."

तो तांब्या आमच्या फडताळात कितीतरी वर्षं होता. त्याला आम्ही मुलं 'पाहुण्यांचा तांब्या' म्हणायचो.

मोरे १९३० साली कम्युनिस्ट पक्षात गेले आणि शेवटपर्यंत आंबेडकरांना मानत राहिले. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशी आपल्याकडं म्हण आहे. त्यांच्या आयुष्याला ती पुष्कळदा लागू पडली असेल. पण ७ नोव्हेंबर १९३८ला संपावर बंधनं घालणाऱ्या औद्योगिक कलहाच्या काळ्या बिलाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटा यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला, आंबेडकर आणि कम्युनिस्टांचे डांगे एका बाजूला उभे राहिले. असा दिवस आकाशातून पडत नाही. मोऱ्यांसारखी माणसं दोन्हीकडच्या चाळींचे जिने चढत-उतरत होती, म्हणून तो आला, असं माझं मत आहे.

परवा अमेरिकेतल्या माँटगोमेरीच्या बस बहिष्काराबद्दल वाचत होते आणि मधेच हसू आलं. रोझा पार्क्स यांची गोष्ट आपल्याला अशी ठाऊक असते की दिवसभर शिवणकाम करून थकलेली एक काळी बाई गोऱ्या माणसासाठी बसमधल्या जागेवरून उठली नाही. थकव्याचं खरं असेल, पण डिसेंबर १९५५मधल्या त्या संध्याकाळच्या आधी ही बाई बारा वर्षं काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या तिथल्या संघटनेची सचिव म्हणून काम करत आलेली. इतिवृत्त लिहिणारी, पत्रं टाकणारी. तिच्या अटकेची बातमी कळल्या रात्री जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेनं कॉलेजच्या यंत्रावर रातोरात हजारो पत्रकं काढली. जामिनाला धावला तो ई. डी. निक्सन, रेल्वेच्या शयनडब्यातल्या हमालांच्या युनियनचा माणूस. आणि ३८१ दिवस लोक पायी चालले तेव्हा गाड्यांच्या पेट्रोलचे पैसे कुठून आले, तर काही घरांच्या चुलीवरून. जॉर्जिया गिल्मोर नावाची स्वयंपाकीण आणि तिच्या मैत्रिणी जेवणाचे डबे, केक करून विकायच्या आणि पैसे सभेत आणून द्यायच्या. गोऱ्यांच्या घरी काम करणाऱ्या बायकांची नावं बाहेर पडू नयेत म्हणून त्यांनी मंडळाचं नावच ठेवलं होतं, 'कुठूनच नाही'. पैसे कुठून आले? कुठूनच नाही. आजीला हे सांगायला हवं होतं. ती म्हणाली असती, आणि उधारी?

तर त्या मुलीला उत्तर देताना मी फोन नव्हते याचं वाईट वाटून घेतलं होतं. आता फोन आहेत. काही वर्षांपूर्वी मी ज्या ऑफिसात होते तिथं एका महिन्यात कंत्राटी माणसं एकदम कमी केली. चहा देणारी मावशी, लिफ्टवाला, डेटा एन्ट्रीची पोरं. आम्ही कायम नोकरीवाल्यांनी व्हॉट्सॲपवर गट काढला. एका संध्याकाळीत एकशे चाळीस जण आले. मुठींची चित्रं, संतापाचे चेहरे, कविता. शनिवारी बागेत बैठक ठरवली. सहा जण आले. त्यातली मी एक, आणि पाहुणे यायचेत म्हणून साडेसहालाच निघाले. मावशीचा नंबर एकाकडंही नव्हता. अकरा वर्षं तिच्या हातचा चहा प्यायलो, आणि ती कुठं राहते ते एकशे चाळीसांत कुणाला ठाऊक नव्हतं. आजीला अठरा जणांचं गाव, बायकोचं नाव आणि कुणाला कारलं चालत नाही ते ठाऊक होतं. बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या त्या १९७२ साली आजीनं स्वतःचं पोळपाट-लाटणं धुऊन, पुसून नेलं होतं, कारण परत आल्यावर त्यावरच पोळ्या करायच्या होत्या.

यंदा चाळीच्या पुनर्विकासाची सभा होती. विकासकाच्या माणसांनी अंगणात पन्नास प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, पुढं टेबल, त्यावर फुलदाणी, आणि टेबलामागं त्यांच्या चार खुर्च्या, उशीवाल्या. आत्या शहात्तरची. ती खाली आली, बघितलं, पेटीपाशी गेली. मला म्हणाली, ते टोक धर. खुर्च्या भिंतीला लागल्या, सतरंजी पसरली. बुटातल्या त्या तरुण पोरानं फार आर्जवानं सांगितलं, आजी, ज्येष्ठ नागरिकांसाठी आणल्यात खुर्च्या. आत्या म्हणाली, "ज्याला गुडघे नाहीत त्यानं बसावं की. तुम्ही मात्र खाली या. वर बसलेल्याला प्रश्न विचारायला माणसं लाजतात." तो खाली बसला. बूट काढून, पाय कसे घ्यावेत ते न कळून.

मग तिनं वही काढली. रेघा मारलेली, खोली क्रमांकाप्रमाणं. करार वाचून होईपर्यंत कुणी सही करायची नाही, आणि आज सही आहे ती फक्त हजेरीची, हे तीन वेळा सांगितलं. करारातलं प्रत्येक कलम मी मोठ्यानं वाचलं. इंग्रजी कलमाचं मराठी करून सांगताना दोनदा अडले, तर तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजच्या पोरीनं सांभाळून घेतलं. तिचे आजोबा बीडीडीतून इकडं आलेले. भाडं किती महिन्यांचं आगाऊ, हे ज्या बाईनं विचारलं ती आयुष्यात सभेत बोललेली मी ऐकली नव्हती. साडेनऊला सभा संपली. बूट शोधणाऱ्या पोराला आत्यानं हाक मारली. त्यानं एक टोक धरलं, झटकलं, आणि चालत यायचं की तिथंच थांबायचं ते न कळून उभा राहिला. कॉलेजची पोरगी दुसऱ्या टोकाला होती. ती म्हणाली, "या, या, माझ्याकडं या."

चौसष्ट खोल्या, एकसष्ट हजेऱ्या. दोन खोल्यांना कुलूप, माणसं गावी. उरली एक, पहिल्या मजल्यावरची. तो मॉलमध्ये सिक्युरिटीला असतो, दुसरी पाळी, अकरानंतर येतो. मी म्हटलं, उद्या घेऊ. आत्या जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसली, वही मांडीवर. म्हणाली, सभेत काय झालं ते त्याला उद्या दुसरा कुणीतरी सांगेल, त्याच्या पद्धतीनं. मीही बसले. डास होते. तिनं दोनदा विचारलं, पेन चालतं ना? सव्वाअकराला अंगणाचं फाटक वाजलं. आत्यानं चष्मा लावला.